क्रॉनिक आजार आणि शिक्षण: कुणाला, किती आणि कधी सांगायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मास्टर्सच्या पहिल्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, आपलीच इम्युन सिस्टिम तिथे उगाच लढत बसते. कायमचा घालवणारी गोळी नाही, औषधांनी शांत राहतो आणि मग कधीतरी, कारण असो नसो, परत उसळतो. त्याला फ्लेअर म्हणतात. फ्लेअरमध्ये दिवसातून दहा-बारा वेळा बाथरूम, रक्त, कळा आणि 'आत्ता म्हणजे आत्ता' अशी घाई, त्यामुळे मी वर्गात शिरले की आधी दार किती लांब आहे ते बघते, फळा नंतर. (एवढं मोकळं लिहितेय कारण इथे कुणी ओळखत नाही. घरीसुद्धा "पोटाचं जरा चाललंय" यापुढे विषय जात नाही.)

आणि दिसायला मी ठणठणीत. उलट स्टेरॉइड चालू होती तेव्हा गाल फुगले होते तर एक मैत्रीण म्हणाली, अगं तब्येत मस्त सुधारली की तुझी. यावर काय बोलणार.

आता मागच्या सेमिस्टरचं. परीक्षेला तीन आठवडे होते आणि फ्लेअर आला. मी कुणालाच बोलले नाही, म्हटलं दाबून नेऊ. प्रेडनिसोलोन (म्हणजे स्टेरॉइडच) सुरू झालं, पोट आवरलं थोडं पण झोप उडाली, रात्री तीनला टक्क जागी, चिडचिड वेगळीच, हिमोग्लोबिन ९ वर आलेलं. एका पेपरला दोनदा उठावं लागलं, दुसऱ्यांदा सुपरव्हिजनवाले म्हणाले आता गेलीस तर परत आत घेणार नाही. मी पेपर त्यांच्या हातात दिला आणि गेले. निम्मा कोरा होता. विषय राहिला. मग रिझल्टनंतर विभागात जाऊन सगळं सांगितलं, तर "आता सांगून काय उपयोग, आधी बोलायचंस ना". खूप राग आला, पण त्यांचं अगदीच चूक नव्हतं हेही कळत होतं आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

सध्या अझाथायोप्रिन (इम्युन सिस्टिमला आवर घालणारं औषध) चालू केलंय. पूर्ण असर दिसायला दोन-तीन महिने जातात म्हणे, तोवर स्टेरॉइड थोडं थोडं उतरवत न्यायचं. सुरुवातीला दर आठवड्याला रक्त द्यायचं, पांढऱ्या पेशी आणि लिव्हर बघतात, म्हणजे आठवड्यातली एक सकाळ गेलीच. आणि थकवा! झोपून उठलं की जातो तसला नाही हा, एकच पान चारदा वाचते आणि चौथ्यांदाही पहिल्यांदाच वाचल्यासारखं वाटतं.

तर विचारायचंय हे की पुढच्या परीक्षेआधी कुणाला सांगू, आणि किती? आजाराचं नाव सांगितलं की लोक लगेच 'ते नेमकं काय असतं' विचारतात आणि मला पाच पुरुष प्राध्यापकांसमोर ते वर्णन करायचं नाहीये. एक टर्म ड्रॉप घ्यावी का हाही विचार चालूये. आणि ज्यांना असं काही असूनही शिक्षण पूर्ण झालं त्यांनी रोजचं कसं जमवलं? प्लीज "स्ट्रेस घेऊ नकोस" सोडून काहीही सांगा.

कागदीबाण: मला ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस (सांधे सुजतात) आहे, पीएचडीचं तिसरं वर्ष. सकाळी तासभर तरी बोटं धड मिटत नाहीत. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच की आजार नको सांगूस, अडचण सांग. "मला दीर्घकालीन आजार आहे, अचानक बाथरूमला जावं लागतं, जेवढा वेळ बाहेर जाईल तेवढा शेवटी मिळावा आणि जागा दाराजवळ द्यावी." संपलं. ह्यात आतडं कुठेच आलं नाही.

डॉक्टरांचं पत्र मात्र नीट घे. नुसतं 'उपचार चालू आहेत' लिहिलेल्या कागदावर समोरचा काय करणार? त्यात कशाची गरज आहे ते एकेक लिहून घ्यायचं, आणि आजार कमी-जास्त होतो, आज बरी दिसली तरी आठवड्यात बिघडू शकते, हे वाक्य हवंच. नाहीतर तू चांगल्या दिवशी जिना चढताना दिसतेस आणि मग नाटक करते म्हणतात. स्वानुभव. पत्र आत्ता घे, फ्लेअर यायची वाट बघू नकोस, तेव्हा पत्रामागे पळायची ताकद कुठे असते.

निवांत७: मनाने ठरवलं की अर्धा आजार जातो. आमच्या ओळखीत एकाने सगळ्या गोळ्या बंद केल्या, आता एकदम फिट आहे. पॉझिटिव्ह राहा!

मीठमिरची: निवांत, राग मानू नका पण हे असलं लिहू नका हो, कुणीतरी खरंच करून बसेल. स्टेरॉइड काही आठवडे घेतलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल (आपलं नैसर्गिक स्टेरॉइड) बनवायचं कमी करतं, म्हणून तर ते पायरीपायरीने उतरवतात. झटक्यात बंद केलं तर माणूस आडवा होऊ शकतो. कोलायटिसमध्ये बरं वाटतंय म्हणून रोजच्या गोळ्या सोडणारे फ्लेअर घेऊनच परत येतात, वॉर्डात बघितलेत मी (नर्स आहे).

धागाकर्ती, तुला दोन-तीन गोष्टी. स्टेरॉइड कधी घेतेस? दिवसाचा पूर्ण डोस सकाळीच घेतला तर चालेल का हे डॉक्टरांना विचार, झोपेला फरक पडतो. थकव्याला 'आजाराचाच असेल' म्हणून सोडून देऊ नकोस, हिमोग्लोबिन ९ म्हणजे लोह कमी असण्याची बरीच शक्यता आहे, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघायला सांग. लोहाच्या गोळ्या पोटाला झेपत नसतील तर शिरेतूनही देतात. एक पान चारदा वाचणं हे पुष्कळदा रक्त कमी असल्याचं असतं गं, आळसाचं नाही. आणि अभ्यासाने डोकं दुखलं म्हणून मनाने आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नकोस, ह्या आजारात त्याने फ्लेअर उठू शकतो.

खडूफळा: मी शिकवते, म्हणून टेबलाच्या पलीकडून. पेपर झाल्यावर आलेल्या सर्टिफिकेटवर आम्हाला खरंच फार काही करता येत नाही, कारण तोवर ते परीक्षा विभागाकडे गेलेलं असतं. पण टर्मच्या सुरुवातीला आलेल्या तीन ओळींच्या मेलवर बरंच काही करता येतं. तोंडी बोललीस तरी त्याच दिवशी मेल टाक, "आज आपलं असं बोलणं झालं". माणसं विसरतात, बदलून जातात, मेल राहतो.

पाच जणांसमोर कशाला जातेस? तुला जिच्याशी किंवा ज्याच्याशी बोलताना कमीत कमी अवघडल्यासारखं होतं अशा एकाच शिक्षकाकडे जा आणि पुढे कुणाशी बोलायचं ते त्यांनाच विचार. विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी वेगळा कक्ष असेल तर आधी तिथे, तिथल्या लोकांना पत्र लागतं, वर्णन लागत नाही. टर्म ड्रॉपबद्दल मी हो-नाही काहीच म्हणणार नाही, फक्त निर्णयाआधी स्कॉलरशिपचं काय होतं, राहिलेला विषय कधी देता येतो आणि परत नाव नोंदवायला काय लागतं हे लेखी विचारून घे. नुसतं ऐकीव माहितीवर ड्रॉप घेऊन पस्तावलेली मुलं बघितलीयेत. आणि त्या सुपरव्हिजनवाल्याचं जे झालं ते वाचून मला आमचीच लाज वाटली.

दोनचाकी: खडूफळा +१. मला टाइप वन डायबेटिस, बाराव्या वर्षापासून. रोजच्या जमवाजमवीचं सांगतो. चांगल्या दिवशी सगळं उरकून टाकायचा मोह होतो ना, तिथेच गाडं अडतं, एक दिवस दहा तास बसायचं आणि मग तीन दिवस आडवं. मी चांगल्या दिवशीसुद्धा ठरलेल्या वेळेला अभ्यासावरून उठतोच, जीव तुटतो पण उठतो. आणि वाईट दिवसांसाठी वेगळी यादी ठेवलीये, पडल्यापडल्या होणारी कामं, रेकॉर्डिंग ऐकणं, रेफरन्स नीट लावणं, फायलींची नावं बदलणं. त्या दिवशी एवढंच झालं तरी दिवस फुकट गेला असं वाटत नाही.

अजून एक, वर्गातला एकच माणूस निवड आणि त्याला सगळं सांग. सगळ्यांना अर्धंअर्धं सांगत बसण्यापेक्षा ते बरं. माझ्या एका मित्राला माहितीये की मी विनाकारण वाद घालायला लागलो की शुगर खाली गेलीये, तो उत्तर देत नाही, सरळ ग्लुकोज पुढे करतो.

धागाकर्ती: सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचलं (आणि दोन्ही वेळा कळलं!). मीठमिरची ताई, स्टेरॉइड मी दोन वेळा विभागून घेत होते, दुसरी संध्याकाळी सातला, हे विचारायचं कधी सुचलंच नाही. फेरिटिन तर कुणी केलेलंच नाहीये, फाईल उलटसुलट करून बघितली.

गुरुवारी डॉक्टरांची तारीख आहे. पत्रात काय काय लिहून घ्यायचं ते कागदावर उतरवलंय, दाराजवळची जागा, बाहेर गेलेला वेळ परत, सबमिशनला फ्लेअरमध्ये मुदतवाढ, रक्ततपासणीच्या सकाळची हजेरी. कागदीबाण, तुमचं कमी-जास्तवालं वाक्य जसंच्या तसं घेतलंय. ड्रॉपचं आत्ता बाजूला ठेवते, आधी राहिलेला विषय कधी देता येतो ते मेल करून विचारते.

एकच माणूस कोण, ह्यावर मात्र अडलेय. सारखी तीच मैत्रीण डोळ्यासमोर येतेय, गालांवाली. तिला काही माहीतच नव्हतं ना, मग ती तरी दुसरं काय बोलणार होती. उद्या लॅबनंतर आम्ही दोघीच असतो.