बॉर्डर का फुगते
क्विल्टची (थर शिवून केलेल्या, गोधडीसारख्या पांघरुणाची) बॉर्डर, म्हणजे कडेने जोडलेली पट्टी, झालरीसारखी फुगते ती इस्त्री कमी पडल्यामुळे, असं काही जण म्हणतात; ते मत पटत नाही. चूक मापात असते. लांब पट्टी कडेला धरून शिवत गेलं आणि उरलेलं टोक कापलं, की हाताळणीने ताणलेल्या कडेचंच माप पट्टीला मिळतं. क्विल्टची लांबी मधोमध आणि दोन्ही कडांपासून थोडं आत, अशी तीनदा मोजा आणि सरासरीइतक्या दोन्ही उभ्या पट्ट्या आधीच कापा. पट्टीचा आणि क्विल्टच्या कडेचा मध्य, मग पाव भाग जुळवून टाचण्या लावा. जी बाजू किंचित लांब भरेल ती खाली, मशीनच्या दात्यांकडे (सुईखाली कापड पुढे सरकवणाऱ्या) ठेवा. दाते ती आपोआप सामावून घेतात. आडव्या पट्ट्यांचं माप मात्र उभ्या जोडून झाल्यावरच घ्यायचं, नाहीतर त्या आखूड पडतात.