निरोपाची मृत्युपत्रं बंद करा म्हणणाऱ्यांना

खडूची पूड
काल इथे एका पालकांनी लिहिलं की निरोप समारंभात शाळा सोडून जाणारी मुलं मागे राहणाऱ्यांच्या नावाने आपल्या वस्तू नि खोडी ठेवत जी गमतीची मृत्युपत्रं वाचतात, ती म्हणजे 'टाळ्या घेऊन केलेला छळ' आहे, आणि ती सरसकट बंद करावीत. रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नाही, म्हणून वेगळा धागा काढते.

गेली ११ वर्षं शाळेत मी ही मृत्युपत्रं आधी तपासते. 'मी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता, लिहून ठेवतो की...' एवढं वाचलं की वर्ग खिदळायला लागतो. एका लेटलतिफाने उशिरा येण्याची आपली २९ कारणं धाकट्या लेटलतिफाच्या नावावर केली होती, 'पैकी ६ अजून न वापरलेली'. ज्याला मिळाली तो उभा राहून विचारतो, 'ती ६ कोणती?' शिक्षकसुद्धा खुर्चीवरून पडायचे बाकी होते.

आणि एक गोलकीपर. दोन वर्षं राखीव म्हणून बाहेर बसलेल्या पोराला त्याने आपले हातमोजे दिले. डाव्या अंगठ्याची शिवण उसवली होती, ती काळ्या दोऱ्याने स्वतःच घातलेली. 'फाटलेत, पण गोल अडवतात. पुढच्या वर्षी तुला लागतील.' त्या पोराने मोजे घेतले आणि तिथेच हातात चढवून उभा राहिला. कोणी हसलं नाही.

हे बंद करायचं?

शिवाय ही काही आजची टूम नाही. चौथ्या शतकाच्या सुमाराचं एका डुकराचं लॅटिन मृत्युपत्र आहे, 'तेस्तामेंतुम पोर्सेली'. आचारी सुरी घेऊन उभा, आणि डुक्कर वाटणी सांगतंय: राठ केस चांभारांना, जीभ वकिलांना, मूत्राशय मुलग्यांना, शेपूट मुलींना. शाळकरी पोरं ते घोकून खदाखदा हसतात अशी तक्रार त्या काळचे ख्रिस्ती धर्मपंडित संत जेरोम यांनी लिहून ठेवली आहे. सोळाशे वर्षांपूर्वीही पोरं हसत होती आणि मोठी माणसं कपाळाला आठ्या घालत होती.

शेवटचा बाक
ताई, तुमचा हातमोजेवाला मुलगा मला आवडला. आता माझं ऐका.

मी नववीत होतो. माझ्या नावाने 'साबणाची एक वडी, रोज वापरण्यासाठी' ठेवली गेली. खरीखुरी वडी, हिरव्या कागदातली. स्टेजवर बोलावून हातात दिली. त्या वर्षी घरी आई अंथरुणाला खिळलेली होती, सगळ्यांचे कपडे मीच धुवायचो, आणि माझे राहून जायचे. हे वर्गात कोणाला माहीत नव्हतं. सगळा हॉल हसला. मीही हसलो, कारण दुसरं काय करतात हे मला येत नव्हतं. देणारा माझा मित्रच होता. रोज मधल्या सुट्टीत आम्ही बुद्धिबळ खेळायचो.

२२ वर्षं झाली. हिरव्या कागदातला साबण मी अजून घरात आणू देत नाही.

आणि तुमच्या डुकराचं म्हणाल, तर ते स्वतःचे केस देतं, स्वतःची जीभ देतं. माझ्या सीनियरने मला काय दिलं? माझाच वास.

पेन्सिलटोक
वाईट वाटलं वाचून, खरंच. पण एका वडीसाठी सगळ्यांचा समारंभ बंद? मला माझ्या सीनियरने 'माझं गणित' दिलं होतं, म्हणजे शंभरपैकी नऊ. वर्षभर सगळे मला नऊ म्हणत. मी काही मोडून पडलो नाही. हल्ली मुलांना वाराही लागू द्यायचा नाही असं चाललंय. खेळात हरलं तरी बक्षीस, चित्र वेडंवाकडं काढलं तरी बक्षीस. माझ्या मुलीच्या कपाटात आठ पदकं आहेत आणि त्यातली सात कशाची हे तिलाच सांगता येत नाही. चेष्टा सोसायला शाळेत नाही शिकणार तर कुठे शिकणार?

शेवटचा बाक
'नऊ' त्याचे स्वतःचे होते हो. त्याने स्वतःलाच हसून मग तुम्हाला हसवलं. फरक दिसत नाहीये की बघायचाच नाहीये?

कोर्टाची पायरी
मला आधी शब्दच खटकतो. पंधरा-सोळा वर्षांची मुलं आणि 'मृत्युपत्र'? इच्छापत्र म्हणा की. शिवाय कायद्याने बघितलं तर हे मृत्युपत्र नाहीच. मृत्युपत्र अमलात येतं ते करणारा गेल्यावर. इथे करणारा जिवंत, स्टेजवर उभा, आणि वस्तू हातोहात देतोय. याला बक्षीसपत्र म्हणतात.

शुद्धलेखन
बक्षीसपत्र हा मुद्दा मान्य. पण 'इच्छापत्र म्हणा' का? मृत्युपत्र हा रुळलेला, स्वच्छ मराठी शब्द आहे. मरण हा शब्द उच्चारल्याने कोणी मरत नाही. ही सारवासारव करायची सवय लागली की आधी शब्द जातो आणि मग गोष्टच बोलायची बंद होते.

कोर्टाची पायरी
सारवासारव नाही. ज्यांच्या घरात नुकतंच कोणी गेलं आहे अशी मुलंही त्या हॉलमध्ये बसलेली असतात. त्यांच्यासमोर 'माझ्या मृत्यूनंतर माझी डबा पळवण्याची कला...' हे वाचायचं?

शुद्धलेखन
अशाच घरातला मी आहे, म्हणून सांगतो. वडील आजारी असताना आमच्याकडे हा शब्द काढायला बंदी होती. आई म्हणायची, अभद्र बोलू नका. मी एकदा कागद-पेन घेऊन त्यांच्या उशाशी बसलो, त्यांनीही मान हलवली, तेवढ्यात काकू आत आली आणि कागद काढून घेतला. चौथ्या दिवशी ते गेले. आज सात वर्षं झाली, आम्ही दोघे भाऊ एकमेकांशी वकिलामार्फत बोलतो. भांडण फार मोठ्या कशावरून नाही, एका दोन खोल्यांच्या घरावरून आहे. त्या दोन ओळी लिहिल्या असत्या तर भाऊ राहिला असता. पंधराव्या वर्षी पोरं हा शब्द हसत हसत लिहीत असतील तर मला आनंदच आहे.

कोर्टाची पायरी
तुमच्या घरचं ऐकून वाईट वाटलं. पण इच्छापत्र म्हटलं असतं तर कदाचित काकूंनी कागद काढून घेतला नसता. माझ्याकडे येणारी म्हातारी माणसं मृत्युपत्र म्हटलं की उठून जातात, इच्छापत्र म्हटलं की बसतात. शब्द मऊ केला की काम होतं, हा माझा रोजचा अनुभव आहे.

शुद्धलेखन
आणि उपचार कधी थांबवायचे हे लिहून ठेवतात त्यालाही हल्ली इच्छापत्रच म्हणायला लागलेत. म्हणजे एक मालमत्तेचं, एक व्हेंटिलेटरचं, आणि नाव एकच! हा घोळ मऊ शब्दांनीच घातला ना?

कोर्टाची पायरी
हा घोळ होतो, हे नाकारत नाही. तेवढंच मान्य.

व्हरांडा
तुमचं शब्दांचं भांडण बारा प्रतिसाद चाललं असतं. ज्यांच्या वाट्याला काहीच येत नाही त्यांच्याबद्दल कोणी बोलणार आहे का?

तीन वर्षं मी त्या हॉलमध्ये बसले. दर वर्षी वाटायचं, या वेळी कोणीतरी माझं नाव घेईल. रिकामी रिफिल का असेना. शेवटच्या वर्षी मी स्वतः मृत्युपत्र लिहिलं आणि माझ्यासारख्या गप्प बसणाऱ्या एका मुलीला खिडकीजवळची माझी जागा दिली, 'दुपारी ऊन येतं, पण बाहेर दिसतं' असं लिहून. ती मला अजून फोन करते. बंद करा म्हणणाऱ्यांनी हेही बंद होणार आहे एवढं लक्षात ठेवावं.

जुनी वही
डुकराचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. फ्रान्स्वा व्हियों. पॅरिस विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेला, कवी, आणि चोरीत सापडलेलाही. १४५६ मध्ये त्याने कवितेतून अशीच खोटी वाटणी केली: केसांचे कापलेले तुकडे न्हाव्याला, जुने जोडे चांभाराला. आणि 'तीन अनाथ गरीब बाळांना' थोडे पैसे. ही बाळं कोण, तर शहरातले गब्बर धनको! १४६१ च्या सुमारास त्याने आणखी मोठं मृत्युपत्र लिहिलं. सांगायचं एवढंच, की त्याचा टोमणा वर जातो, श्रीमंतांकडे. शाळेत हा कागद कोण वाचतं? सगळ्यात मोठी मुलं. कोणावर? सगळ्यात लहानांवर. रचना तीच राहिली, दिशा उलटी झाली.

अमेरिकेत काही शाळांच्या वार्षिकांकात हे छापूनही येतं, शेजारी वर्गाचं 'भविष्य', म्हणजे पुढे कोण काय होणार याचे गमतीचे अंदाज. छापलेलं तर कपाटात राहतं, दर घर बदलताना पुन्हा हाती लागतं.

पेन्सिलटोक
मग शिक्षकांनी तपासावं. ताई तपासतातच की. प्रश्न मिटला.

शेवटचा बाक
मिटला कसा? 'साबणाची एक वडी.' कागदावर बघा. काय चूक दिसते? माझंही तपासलंच होतं.

खडूची पूड
हे वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही.

एका वर्षी 'छोटा आरसा, जपून बघण्यासाठी' असं मी पास केलं होतं. मला वाटलं नटव्या मुलीची गंमत आहे. समारंभात तिचा चेहरा बघितला तेव्हा कळलं की यात मला न कळणारं काहीतरी आहे. मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी ती निरोप समारंभाला आली नाही, तेव्हाही विचारलं नाही. काल त्या पालकांना उत्तर द्यायची मला घाई झाली, त्याचं कारण हेही असेल.

बंद करा हे मला आजही पटत नाही. पण तपासून भागतं असं मी म्हणत आले, ते मागे घेते. या वर्षी मुलांना सांगेन: जे तुमचं आहे तेच द्या. तुमची खोड, तुमची जागा, तुमची फाटकी वस्तू. आणि ज्याला देताय त्याला आदल्या दिवशी वाचून दाखवा, त्याने नको म्हटलं तर खोडा.

शेवटचा बाक
पहिला नियम चांगला आहे. दुसऱ्याचा उपयोग नाही. मला आदल्या दिवशी विचारलं असतं तर मी 'चालेल' म्हटलं असतं. नववीतला मुलगा दहावीतल्या मित्राला नको म्हणत नाही.

व्हरांडा
मग देणाऱ्याने नको विचारायला, ज्याला मिळणार त्याला ताईंनी एकट्याला घेऊन विचारावं. एकटं असताना माणूस खरं बोलतो.

पेन्सिलटोक
एवढं सगळं करून गंमत किती उरणार, देव जाणे. पण ठीक आहे, नऊ माझ्या सीनियरचेच होते हे खरं.

खडूची पूड
शेवटचा बाक, तुमची गोष्ट नाव न घेता मुलांना वाचून दाखवली तर चालेल का? नको असेल तर सरळ नको म्हणा.

शेवटचा बाक
वाचा. पण मग बुद्धिबळाचंही वाचा. आमच्या पटातला काळा घोडा हरवला होता. त्याच्या जागी आम्ही खडूचा तुकडा ठेवायचो, त्याने शाईने डोळा काढलेला. जाताना तो तुकडा दिला असता तरी मी आजपर्यंत सांभाळला असता.