महिनाभर जुन्या मुंबईत राहून काम करायचंय, गिरगाव घेऊ की फोर्ट?

सांगलीकर_पाहुणा:
नमस्कार मंडळी, तीन वर्षं झाली घरूनच काम करतोय, आता सप्टेंबरमध्ये महिनाभर मुंबईत राहावं म्हणतोय. मुंबईला येणं होतं पण एखादं लग्न नाहीतर हॉस्पिटल, आणि रात्रीच्या महालक्ष्मीने परत, त्यामुळे जुनी मुंबई धड बघितलीच नाही. अमेरिकेतल्या टीमबरोबर संध्याकाळी साडेसात ते रात्री साडेअकरा कॉल असतात, दिवस मोकळा. गिरगावातल्या खोताच्या वाडीचे फोटो बघून तिथे एखादी खोली मिळावी असं फार वाटतंय, नाहीतर फोर्टला. नेट चांगलं आणि शांतता एवढंच पाहिजे. कुठे बघू?

ठाकूरद्वारची_सून:
सप्टेंबर आणि गिरगाव?? आधी कॅलेंडर उघडून गणपती कधी आहेत बघ बरं भाऊ 😄 केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, आणि आता तर गल्लोगल्ली मंडप. एरवी स्पीकर दहाला बंद होतात पण काही दिवस बारापर्यंत परवानगी असते, म्हणजे बरोब्बर तुझ्या कॉलच्या वेळेत. आणि खोताच्या वाडीत लोक राहतात रे, दारात उभं राहून फोटो काढणाऱ्यांना ते आधीच वैतागलेत, खोली सहज मिळेल असं धरून चालू नकोस. दुसरं म्हणजे पाणी. आमच्याकडे सकाळी सहाला येतं, साडेसातला जातं. तू बाराला झोपणार, मग पिंप कोण भरणार? टाकी आहे का हे पहिलं विचार, सी-व्ह्यू वगैरे नंतर.

फोर्टचा_कारकून:
फोर्टात २२ वर्षं नोकरी केली म्हणून सांगतो. दिवसा स्वर्ग आहे, पण ऑफिसं सुटली की गल्ल्या सामसूम, रविवारी चहाला सुद्धा शोधावं लागतं. शांतता भरपूर मिळेल म्हणा. पण जुन्या दगडी इमारतींच्या भिंती हातभर जाड, राउटर बाहेरच्या खोलीत असला की आतल्या खोलीत नेट मेलं. माझा भाचा एका गेस्टहाऊसात आठवडाभर जिन्यात बसून कॉल घेत होता, मालक म्हणे वायफाय आहे ना! आहे, जिन्यात. काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी आहे, १८७० ची, मागची बाग तर फारच छान, पण ती वाचायला, तिथे बसून कॉल घेऊ नका.

हिंदू_कॉलनी_दादर:
वरच्या दोघांचंही बरोबर, म्हणून दादर-माटुंग्याला राहा. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत जाते, त्यामुळे दादरला बसायचं आणि हुतात्मा चौकाला उतरायचं, घाम पण येत नाही. दुपारी हिंडून सहापर्यंत घरी. पाच बागांच्या आसपासच्या जुन्या बिल्डिंगी पण बघण्यासारख्या आहेत, आणि सकाळी माटुंग्याला इडली. गणपती इथे पण आहेतच हां, मेन रोडवरची खोली नको, आतल्या गल्लीतली बघा.

सांगलीकर_पाहुणा:
बाप रे, पाण्याचं डोक्यातच नव्हतं, आमच्याकडे विहीर आहे. माटुंग्याला एक खोली दिसतेय, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मालक म्हणतात नेट "एकदम फास्ट". पैसे भरू का?

ठाकूरद्वारची_सून:
थांब! एकदम महिन्याचे भरू नकोस, चार दिवसांचे भर. आणि त्यांना सांग, रात्री आठला, झोपायच्या खोलीत, दार लावून व्हिडिओ कॉल करा. सकाळी अकराला सगळ्यांचंच नेट फास्ट असतं.

फोर्टचा_कारकून:
टेबल-खुर्ची आहे का ते पण विचारा. भाच्याला उशीवर लॅपटॉप ठेवायला लागला होता.

सांगलीकर_पाहुणा:
विचारलं. टेबल आहे म्हणे, पण त्यावर मिक्सर आहे. तो हलवणार आहेत.