जनरेट केलेल्या क्लायंटला ‘बेलगाम’ चालत नाही

उद्यमबागकर:
बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं डिस्पॅचचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. ट्रान्सपोर्टवाल्यानं बुकिंगचा एपीआय दिलाय (आमच्या प्रोग्रॅमनं त्यांच्या सर्व्हरशी बोलायची सोय), सोबत त्याचं वर्णन असलेली ओपनएपीआयची यॅमल फाइल. त्याच्याशी बोलणारा कोड, म्हणजे क्लायंट, हातानं कोण लिहीत बसणार, म्हणून कमांड लाइनवरनं ओपनएपीआय जनरेटर चालवला. इनपुटला ती फाइल, भाषा पायथन, आउटपुटला फोल्डर. चहा येईपर्यंत सगळे क्लास तयार. कुंदा वाटायचाच राहिला होता.

जुनी बुकिंग ओढायला गेलो आणि व्हॅलिडेशन एरर. शहराच्या फील्डला एनम, म्हणजे चालणाऱ्या नावांची ठरलेली यादी आहे, त्यात ‘बेळगावी’. त्यांची ग्राहकयादी जुनी, त्यात अजून ‘बेलगाम’. १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं, पण यादीला कुणी हात लावला नाही. मी जनरेट झालेल्या मॉडेलच्या फाइलीत ‘बेलगाम’ घुसडलं, चाललं. गेल्या आठवड्यात नवी यॅमल आली, परत जनरेट केलं, माझी ओळ गायब. शनिवारी रात्री गाडी लोड होऊन उभी, ड्रायव्हरचे फोनवर फोन, आणि एलआर (मालाची पावती) निघेना. ती फाइल जनरेटरच्या इग्नोर यादीत टाकू काय, म्हणजे तो ती परत लिहिणार नाही?

खानापूरकर:
टाक की, पण उद्या त्यांनी नवीन फील्ड दिलं तर तेही तुझ्या मॉडेलात येणार नाही. मग दुसऱ्या शनिवारी दुसऱ्या कारणानं जागशील. जनरेट झालेल्या फोल्डरला हातच लावू नकोस मर्दा. चूक यॅमलमध्ये आहे, तिथंच धर. एनम काढ, साधी स्ट्रिंग ठेव, म्हणजे कुठलाही मजकूर चालेल. हा बदल पाच-सहा ओळींच्या स्क्रिप्टमध्ये घाल आणि दर वेळी जनरेट करायच्या आधी ती चालव. जनरेटरची आवृत्तीही बांधून ठेव. एनपीएम या पॅकेज मॅनेजरवरनं घेतला असशील तर ओपनएपीआयटूल्स जेसन फाइलीत ती लिहिलेली असते, ती फाइल कोडसोबत गिटमध्ये टाक.

निपाणीची:
दादा, पिनकोडही बघून घ्या. आमच्याकडं यॅमलमध्ये इंटिजर (पूर्णांक) होता आणि सर्व्हर ५९१२३७ डबल कोटात घालून, म्हणजे स्ट्रिंग म्हणून, पाठवायचा. जनरेटरच्या सातव्या आवृत्तीतली पायथन मॉडेलं पायडँटिक या डेटा तपासणाऱ्या लायब्ररीवर आहेत, तिथं स्ट्रिक्ट इंटिजर असतो. कोटातला आकडा तो घेतच नाही.
आणि ऑपरेशन आयडी, म्हणजे एपीआयच्या प्रत्येक कामाला नाव, दिलेत काय त्यांनी? नसतील तर पाथ आणि मेथड जोडून फंक्शनचं नाव होतं. पाथ बदलला की नाव बदललं, आणि तुमचा कोड जिथं-तिथं फुटला. मी वेगळ्या फाइलीत आपली चार फंक्शनं लिहिली, ‘बुकिंग कर’, ‘एलआर दे’ अशी. बाकी प्रोग्रॅम फक्त त्यांनाच ओळखतो.

उद्यमबागकर:
स्क्रिप्ट केली. पिनचंही तसंच निघालं ताई, जुन्या नोंदींत कोटात आहे. आता ‘बेलगाम’चं ‘बेळगावी’ माझ्याच फाइलीत करतो. ट्रान्सपोर्टवाल्याला कळवावं म्हणून फोन लावला, म्हटलं बेळगावच्या नोंदींचा घोळ आहे. तो म्हणतो, “बेळगाव? आमच्या ड्रॉपडाउनमध्ये हे गावच नाही, सर.”