छोट्या मच्छीमार बंदराच्या गाळात तांबं-जस्त येतं कुठून?

प्रश्न
मंडळी, मदत हवीय. छोटं मच्छीमार बंदर, आसपास एकही कारखाना नाही, तरी तळाच्या गाळाच्या रिपोर्टमध्ये तांबं आणि जस्त बाहेरच्या समुद्रापेक्षा बरंच जास्त आलंय. हे येतं कुठून? आणि लवकरच गाळ उपसायचं ठरतंय, तो तसाच बाहेर समुद्रात टाकला तर चालेल का?

प्रतिसाद १
कारखाना कशाला हवा, बोटीच पुरेशा आहेत. तळाला शेवाळ आणि बार्नेकल (चिकटून बसणारे कवचवाले छोटे जीव) चढू नयेत म्हणून जो अँटीफाउलिंग रंग मारतात त्यात बहुतेक वेळा कॉपर ऑक्साइड असतं, आणि तो रंग बनवलेलाच असा असतो की तांबं हळूहळू पाण्यात सुटत राहावं. जस्त रंगातूनही येतं आणि बोटीचं लोखंड गंजू नये म्हणून तळाला जे जस्ताचे ठोकळे लावतात ते झिजतात त्यातूनही. बोटी वर ओढून जिथे जुना रंग खरवडतात त्या उताराखालचा गाळ आधी तपासा, सगळ्यात जास्त तिथेच मिळण्याची शक्यता. जुनं बंदर असेल तर टीबीटी (ट्रायब्युटिल टिन, जुन्या अँटीफाउलिंग रंगातलं विषारी रसायन) पण तपासून घ्या. जहाजांच्या रंगात ते वापरायला २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, पण ऑक्सिजन नसलेल्या गाळात ते वर्षानुवर्षं टिकतं.

प्रतिसाद २
नमुना नेमका कुठला घेतला ते आधी सांगा. धातू चिकटतात ते बारीक चिखलाला, वाळूला फारसे नाहीत, आणि बंधाऱ्याच्या आड पाणी शांत असल्यामुळे बंदरात बारीक चिखलच साठतो. म्हणजे आतला चिखल आणि बाहेरची वाळू यांची थेट तुलना केलीत तर आतलं सगळं वाईटच दिसणार. ६३ मायक्रॉनच्या चाळणीखालचा भाग, म्हणजे फक्त बारीक चिखल मोजा, नाहीतर धातूचं अॅल्युमिनियमशी गुणोत्तर काढा, म्हणजे चिखल-वाळूचा फरक आड येत नाही. शिवाय नमुन्यात रंगाची एक खपली जरी आली तरी तांब्याचा आकडा एकदम वर जातो, म्हणून एकाच जागचे तीन-चार नमुने हवेतच. जमलं तर पाइप खोल घालून उभा नमुना काढा, खालच्या जुन्या थरावरून बंदर व्हायच्या आधी किती होतं ते कळतं.

प्रश्नकर्ता
नमुना जेटीच्या अगदी खालचा आहे. काळाकुट्ट गाळ, सडक्या अंड्यासारखा वास.

प्रतिसाद ३
तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. अशा गाळात तांबं, जस्त, शिसं सल्फाइडशी बांधलेलं असतं म्हणून एकूण आकडा मोठा असला तरी किडे-शिंपल्यांच्या अंगात त्यातलं कमीच जातं. पण उपसताना गाळ ढवळला, त्याला ऑक्सिजन लागला की सल्फाइड मोडतं आणि धातू मोकळे होऊन पाण्यात यायला लागतात, त्यामुळे चाचणीशिवाय बाहेर टाकू नका, कृपा करून. एक अंदाज म्हणून, अमेरिकेत वापरतात त्या मार्गदर्शक आकड्यांत तांबं किलोमागे ३४ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर जीवांवर परिणाम क्वचित दिसतो आणि २७० च्या वर बरेचदा दिसतो. आकडा मधे कुठेतरी आला तर त्याच गाळात छोटे जीव सोडून जगतात का ते बघायची टेस्ट असते, ती करून घ्या. आणि उपसायची वाट न बघता रंग खरवडताना खाली ताडपत्री अंथरा, खपल्या गोळा करून पोत्यात भरा, भरतीचं पाणी पोचायच्या आत.