३०२ चा फ्रिज, २०२ चं छत

२०२ वहिनी (सकाळी ६:४१)
कोणी उठलंय का? आमच्या किचनच्या छतातून धार लागलीय. ओट्यावर, मिक्सरवर, सगळीकडे पाणी. स्विचबोर्डाच्या कडेनं ओघळ येतोय. ३०२ फोन उचलत नाहीत.

तळमजला तात्या (६:४४)
आमच्या नळाला पाणीच नाही. टाकी रिकामी कशी झाली? काल तर भरली होती.

३०१ मामा (६:४५)
वहिनी, त्या बोर्डाला हात लावू नका. कोरड्या जागी चप्पल घालून उभ्या राहा आणि दाराजवळची मेन एमसीबी पाडा. आधी ते करा, मग पुसा.

२०२ वहिनी (६:४७)
पाडली.

२०१ अक्का (६:४८)
३०२ चं सगळं घर सावंतवाडीला लग्नाला गेलंय री. चावी माझ्याकडे आहे. जाऊ का वर?

३०१ मामा (६:४८)
अक्का, थांबा! आत पाणी साचलं असणार आणि फ्रिज चालू आहे. मी खाली पार्किंगमध्ये जाऊन ३०२ चा मीटर बंद करतो. मी लिहीपर्यंत कुलूप उघडू नका.

३०१ मामा (६:५३)
मीटर बंद केला. गच्चीवरचा ३०२ च्या लाइनचा व्हॉल्व्हही फिरवला. आता उघडा.

२०१ अक्का (६:५८)
अय्यो. घोट्याएवढं पाणी. फ्रिजच्या मागची पांढरी नळी निघून खाली पडलीय. तोच तो नवीन, दारातून बर्फ पडणारा.

२०३ भाऊजी (७:०२)
म्हणजे बर्फ दारातून आणि पाणी छतातून 😄

२०२ वहिनी (७:०३)
भाऊजी, माझा गव्हाचा डबा भिजलाय. हसू नका.

२०३ भाऊजी (७:०४)
सॉरी वहिनी. वायपर आणि दोन बादल्या घेऊन येतोय.

तळमजला तात्या (७:१०)
मी मार्चमध्येच सांगितलं होतं. सोसायटीला न विचारता गच्चीच्या लाइनवर कोणी पंप लावू नये. त्यावेळी सगळे गप्प बसले.

१०२ चेअरमन काका (७:१५)
सर्वांना विनंती, शांत राहा. ३०२ शी माझं बोलणं झालं, ते निघालेत. आंबोली घाटातून येतायत, दुपारपर्यंत पोचतील. पाण्याचा टँकर सांगितलाय.

तळमजला तात्या (७:१७)
टँकरचे पैसे कोण देणार? मेंटेनन्समधून नको. आणि परत सांगालोय, सोसायटीला न विचारता गच्चीच्या लाइनवर पंप लावू नये.

३०२ दादा (९:३०)
सगळ्यांची मनापासून माफी मागतो. आत्ता रेंज आली. टँकरचे पैसे मीच देणार. २०२ वहिनी, तुमचं जे नुकसान झालंय ते मी भरून देईन. पण पंप मी हौसेनं लावलेला नाही. फ्रिज बसवायला आलेला माणूसच म्हणाला, प्रेशर कमी आहे, पंपाशिवाय बर्फ पडणार नाही.

३०१ मामा (९:४८)
त्याचं ते खरं होतं. टाकीतलं पाणी नळापेक्षा जितकं उंच तितकं प्रेशर, १० मीटर उंचीला साधारण १ बार. आपण वरच्या मजल्यावर. टाकीपासून फ्रिजपर्यंत उंची जेमतेम ४ मीटर, म्हणजे ०.४ बार. माझ्या मुलीनं पुण्यात असाच फ्रिज घेतलाय, त्याच्या कागदावर किमान २० पीएसआय लिहिलंय, म्हणजे १.४ बारच्या आसपास. आपल्या टाकीच्या पाण्यावर तळमजल्यावर तात्यांकडेसुद्धा तो नीट चालायचा नाही. मॉडेलप्रमाणे आकडा बदलतो, पण घेण्याआधी तो कागद वाचायला हवा.
मग पंप आला. हा ऑटोमॅटिक प्रेशर पंप, नळ उघडला की सुरू, बंद केला की थांबतो. नळी निसटली आणि पंपाला वाटलं नळ उघडलाय. टाकी संपेपर्यंत रात्रभर उपसत राहिला. पंप नसता तरी गळलं असतं, पण इतकं नाही.

तळमजला तात्या (९:५२)
तेच मी मार्चमध्ये सांगितलं होतं.

१०३ काकू (९:५५)
तात्या, मार्चमध्ये तुम्ही पार्किंगमध्ये पाइपनं गाडी धुवत होता, तेव्हा मीही काहीतरी सांगितलं होतं. चौथ्या दिवशी राकसकोप धरणाचं पाणी यायचं आणि तुम्ही ते गाडीवर ओतायचं.

तळमजला तात्या (९:५७)
गाडीचा इथं काय संबंध? बादलीनं धुतो मी आता.

१०३ काकू (९:५८)
आता. मी सांगितल्यावर.

१०२ चेअरमन काका (१०:०१)
कृपया विषयावर बोलूया 🙏

३०२ वहिनी (१३:४०)
पोचलो. प्लंबरला घेऊनच आलोय. त्यानं नळी दाखवली. टोक तिरकं कापलंय, सुरीनं कापल्यासारखं. जिथं ती आत दाबून बसवतात तिथं आत पाणी अडवायला रबराची बारीक रिंग आणि नळी धरून ठेवायला बारीक दात असतात. टोक सरळ नसेल किंवा नळी पूर्ण आत गेली नसेल तर रिंग आणि दातांची पकड धड बसत नाही, पंपाच्या धक्क्यानं हळूहळू सरकत येते. नळीवर दातांचा ओरखडा आहे, जेमतेम अर्धा इंच आत गेली होती. दोन महिने अशीच लटकत होती म्हणायची.

२०२ वहिनी (१३:४६)
आणि बंद करायला नळ कुठं होता?

३०२ वहिनी (१३:४९)
नव्हता. पाण्याच्या लाइनला टी जोडून फाटा काढला आणि सरळ फ्रिजला जोडलं होतं. म्हणून अक्कांना आत जाऊनही काही बंद करता आलं नसतं.

३०१ मामा (१४:०५)
खरी चूक इथं आहे. फ्रिजच्या नळीला स्वतंत्र स्टॉपकॉक पाहिजेच, आणि तो हात पोचेल अशा जागी. सिंकखालच्या कपाटात, फ्रिजच्या पाठीमागे नाही. गावाला जाताना तो बंद, बर्फाचं मशीनही बंद. घरात असतानासुद्धा रात्री पंप बंद ठेवा. नळी नवीनच वापरा, जुन्या फिल्टरची उरलेली नको. आणि फ्रिजमागे दोन वळसे सैल ठेवा, म्हणजे फ्रिज ओढला तर ताण येत नाही आणि ढकलला तर नळी पिचत नाही.

२०१ अक्का (१४:१२)
ते पाणी प्यायचंच ना री? बोअरच्या टाकीला जोडलंय असं ऐकलं.

३०२ दादा (१४:१५)
नाही अक्का, कॉर्पोरेशनच्याच टाकीला आहे.

३०१ मामा (१४:१९)
बोअरचं मुळीच नको. पिण्यायोग्य पाण्यालाच जोडायचं, गरम पाण्याच्या लाइनला कधीच नाही. आपलं बोअरचं पाणी जड आहे, गीझरची कॉइल बघा कशी पांढरी होते. तसाच क्षार बर्फाच्या साच्यात आणि बारीक व्हॉल्व्हमध्ये बसतो. फ्रिजचा फिल्टर चव आणि वास घालवतो, घाण पाणी शुद्ध करत नाही. तोही साधारण ६ महिन्यांनी बदलायचा.

२०३ भाऊजी (१४:२४)
मग आरओच्या नळाला जोडलं तर? बर्फ एकदम स्वच्छ.

३०१ मामा (१४:२७)
आरओच्या टाकीतून आधीच बारीक धार येते. प्रेशर आणखी कमी. बर्फ अर्धवट किंवा पोकळ पडतो.

तळमजला तात्या (१४:३०)
सगळं खरं. पण सोसायटीला न विचारता गच्चीच्या लाइनवर पंप लावू नये, हे ठरवून टाका.

१०२ चेअरमन काका (१४:३३)
तात्या, रविवारच्या मीटिंगमध्ये पहिला विषय तोच घेतो. आता पुरे.

३०२ दादा (१५:१०)
मामा, फ्रिज आता चालू करू का? आत दूध, भाज्या सगळं आहे.

३०१ मामा (१५:१६)
अजिबात नाही. खाली कॉम्प्रेसरजवळ पाणी गेलंय. इलेक्ट्रिशियन बघून गेल्याशिवाय प्लग लावू नका. दूध माझ्याकडे ठेवा. आणि तुमचा प्लग कुठं आहे ते मी सकाळी पाहिलं. एक्स्टेन्शन बोर्डावर, मायक्रोवेव्हच्या शेजारी, आणि बोर्ड जमिनीवर! त्या पाण्यात तो बोर्ड बुडाला होता. अक्का अनवाणी आत गेल्या असत्या तर? मी ३४ वर्षं विजेच्या लाइनवर काढलीत. असल्या ओल्या किचनमधून माणसं उचलून आणलीत. अजून हात थरथरतायत माझे.

३०२ दादा (१५:१९)
मामा, चुकलं. खरंच चुकलं.

३०१ मामा (१५:२८)
भिंतीवर स्वतंत्र १६ अँपिअरचा तीन पिनचा सॉकेट घ्या, अर्थिंग तपासून. आपल्या बिल्डिंगची अर्थिंग जुनी आहे, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, पाणी घालायला हवं. आणि प्रत्येक घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. करंट गळला की ती क्षणात वीज तोडते. साधी एमसीबी माणूस वाचवायला नसते, ती वायर जळू नये म्हणून असते. हे सगळ्यांना सांगतोय, एकट्या ३०२ ला नाही.

२०१ अक्का (१५:३३)
आमच्याकडे आहे का ते कसं कळतं री?

३०१ मामा (१५:३५)
मेन बोर्डावर टी लिहिलेलं बारीक बटण असतं. संध्याकाळी येऊन दाखवतो. ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं.

१०३ काकू (१५:५०)
३०२ वहिनी, तुमची नात त्या बर्फाच्या तोंडात बोटं घालते, मी बघितलंय. चुरा करणारं पातं असतं त्यात.

३०२ वहिनी (१५:५४)
हो काकू, चाइल्ड लॉक आहे, लावतो. ग्लासही आता जाड आणि रुंद तोंडाचाच ठेवू. मागे पातळ काचेचा धरला होता तो फुटला, तेव्हा सगळा बर्फ टाकून दिला होता.

३०१ मामा (१६:०२)
बरं केलं. अडकलेला बर्फ सुरीनं टोचू नका. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६०० ए गॅस असतो, तो पेट घेणारा. मागच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. मागे हवा खेळायला जागाही सोडा, तुमचा अगदी भिंतीला टेकलाय. परत जोडलात की पहिलं पाणी बादलीत सोडून द्या आणि पहिल्या दिवसाचा बर्फ फेकून द्या.

३०२ दादा (१८:२०)
स्टॉपकॉक सिंकखाली बसला. पंप काढला. मीटिंगमध्ये ठरेपर्यंत लावणार नाही, बर्फ ट्रेमध्ये करू. इलेक्ट्रिशियन उद्या ९ ला. लग्नाच्या परतीला कुंदा आणायचा राहिला, उद्या सगळ्यांकडे पाठवतो.

२०३ भाऊजी (१८:२२)
कुंदा म्हटल्यावर सगळं माफ!

२०२ वहिनी (१८:२५)
माझं नाही अजून. आधी छत.

तळमजला तात्या (१८:३१)
टाकीवर मी उभा राहून टँकर घेतला. पाणी आलं सगळ्यांना. जपून वापरा.

१०३ काकू (१८:३३)
आलं तात्या. धन्यवाद.

२०२ वहिनी (दुसऱ्या दिवशी, ७:०५)
रात्री एकपासून थेंब थांबलेत. बोर्ड उघडून वाळवायला इलेक्ट्रिशियन आधी माझ्याकडे, मग ३०२. स्लॅब वाळायला १५ दिवस तरी लागतील म्हणतात, पेंटर त्यानंतर. तोपर्यंत गॅस हॉलमध्ये मांडलाय.

३०२ वहिनी (७:०९)
हॉलमध्ये कशाला वहिनी, दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडून येईल. आज थालीपीठ करतेय.

२०२ वहिनी (७:१४)
आमच्या ह्यांना तिखट कमी.