बोअरच्या पाण्यात नायट्रेट ७८, बायकोचा टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) वाढून ६.८. संबंध असू शकतो का?

बेसा_लेआउट
आमच्या ले-आउटमध्ये पेंच धरणाच्या पाण्याची नळाची लाइन अजून आली नाही. पिण्याला, स्वयंपाकाला बोअरचंच पाणी. तपासणीत नायट्रेट ७८ मि.ग्रॅ. प्रति लिटर, फ्लोराइड ०.६, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ८४० आलं. बायकोचं वय ३४, टीएसएच ६.८, फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) नॉर्मल. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत तपासायला सांगितलं आहे. नायट्रेटनं थायरॉइड बिघडतं का? पाणी उकळून भागेल की आरओ लावावा?

जलरसायन
भाऊ, आधी अहवालातलं एकक पाहा. आकडा 'नायट्रेट' म्हणून आहे की 'नायट्रेट-नायट्रोजन' म्हणून? दुसरा असेल तर ४.४३ ने गुणा, म्हणजे ७८ चे ३४५ होतात. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची मर्यादा नायट्रेट म्हणून ४५ आहे आणि त्यात सवलत नाही.

उकळू नका. पाणी उडून जातं, नायट्रेट भांड्यातच राहतं. लिटरचं पाऊण लिटर झालं की ७८ चे १०४. तुरटी, कँडल, कार्बन, यूव्ही यांपैकी कशानंही ते जात नाही. आरओनं जातं, पण घोळ होतो टीडीएस ॲडजस्टरवर. चव यावी म्हणून बसवणारा माणूस तो उघडून ठेवतो आणि मेंब्रेन (आरओचा गाळणारा पडदा) चुकवून आलेलं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतं. मेंब्रेनमागे १० उरत असेल आणि चौथा हिस्सा कच्चं पाणी मिसळलं, तर नळाला २७ येतं. तो पूर्ण बंद करायला लावा. टीडीएस मीटरवर विसंबू नका, त्याला नायट्रेट वेगळं ओळखता येत नाही. नमुने दोन द्या, आरओच्या आधीचा आणि नंतरचा. मोटर दहा मिनिटं चालवून मग बाटली भरा, बर्फात ठेवा, २४ तासांत पोचवा. उशीर झाला तर जिवाणू नायट्रेट खातात आणि आकडा खोटा कमी येतो.

शेजारचा शोषखड्डा बोअरपासून किती लांब आहे तेही बघा. जवळ असेल तर कोलिफॉर्मची (सांडपाणी मिसळल्याची खूण असलेल्या जिवाणूंची) तपासणीही करा. संत्र्याच्या बागांतला युरिया हेही एक कारण असतं, पण ले-आउटमध्ये पहिला संशय सांडपाण्यावर.

ग्रंथी_विचार
संबंध असू शकतो, पण ६.८ चं खापर एवढ्यात पाण्यावर फोडू नका.

रक्तातलं आयोडाइड थायरॉइडच्या पेशीत ओढून घेणारं एक वाहक प्रथिन असतं. नायट्रेट आणि थायोसायनेट, परक्लोरेट ही त्यासारखीच रसायनं त्याच दारातून शिरू पाहतात, म्हणून आयोडीन कमी पोचतं, टी-४ घटू लागतं आणि मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवते. रेणूमागे रेणू धरला तर नायट्रेट परक्लोरेटपेक्षा सुमारे २४० पट दुबळं आहे. मात्र परक्लोरेट पाण्यात मायक्रोग्रॅममध्ये असतं, नायट्रेट मिलिग्रॅममध्ये. म्हणून ते मोजायलाच हवं.

जागतिक आरोग्य संघटनेची रोजची मर्यादा किलोमागे ३.७ मि.ग्रॅ., म्हणजे ६० किलोच्या माणसाला २२२. तुमचं अडीच लिटर पाणी एकटंच १९५ देतं, अन्नातलं वेगळं. आयोडीन पुरेसं असेल तर ग्रंथी हे पेलते; कमी असेल तिथे त्रास होतो.

तीन महिन्यांच्या तपासणीत अँटी-टीपीओ (थायरॉइडवर उलटलेल्या प्रतिपिंडांची तपासणी) जरूर जोडा. जास्त आलं तर मुख्य कारण स्वतःचीच प्रतिकारशक्ती, पाणी दुय्यम. केसांसाठीची बायोटिनची गोळी चालू असेल तर दोन दिवस आधी थांबवा. बऱ्याच यंत्रांत तिनं टीएसएच खोटा कमी दिसतो.

सुईण_मावशी
वरच्यांनी एक गोष्ट सोडली. वहिनींना बाळ हवं असेल तर तीन महिने थांबू नका. सुरुवातीचे महिने गर्भाच्या मेंदूला लागणारं थायरॉक्सिन (म्हणजेच टी-४) आईकडूनच येतं, म्हणून डॉक्टरांना आजच सांगा. आणि घरात सहा महिन्यांखालचं तान्हं असेल, तर वरचं दूध या पाण्यात अजिबात कालवू नका. नायट्रेटनं रक्त प्राणवायू वाहू शकत नाही आणि बाळ निळं पडतं. अशा वेळी थायरॉइडची चिंता नंतरची.

बेसा_लेआउट
एकक 'नायट्रेट म्हणून' असंच आहे. आरओ बसवून घेतला; त्याच्या टीडीएस ॲडजस्टरचा व्हॉल्व्ह अर्धा उघडा निघाला, बंद केला. घरी वर्षभर सैंधव वापरतो, त्याचं काही?

ग्रंथी_विचार
मग खरी गोम तिथेच असू शकते. सैंधवात आयोडीन जवळजवळ नसतं. ३० पीपीएमच्या (किलोमागे ३० मि.ग्रॅ. आयोडीन असलेल्या) ५ ग्रॅम मिठात १५० मायक्रोग्रॅम मिळतं, मोठ्या माणसाला दिवसाला तेवढंच लागतं. आजपासून आयोडीनयुक्त मीठ घ्या, झाकणाच्या बरणीत ठेवा, भाजी उतरवताना घाला. समुद्री शैवालाच्या गोळ्या मात्र घेऊ नका. अँटी-टीपीओ जास्त असेल तर जादा आयोडीननं टीएसएच आणखी चढतो. आणि हा बदल डॉक्टरांना तारखेसह कळवा, नाहीतर पुढच्या आकड्याचा अर्थ लागणार नाही.